ज्वारीच्या नकाशातला न काढलेला बाण

गिरजे,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला सोपं जाऊन राहिलं. तू असतीस तर आपल्या संगीताकडून वाचून घेतलं असतंस आणि मधेच बोलली असतीस, "थांब, हे खोटं हाय. पुढचं वाच." आता मधे बोलणारं कोणी नाही. म्हणून खोटं लिहायचं नाही हे माझं मलाच बघावं लागतं.

तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले. संगीता उद्या जाईल, तिची रजा संपली. काल दुपारी तिनं तिचा मांडीवरचा कॉम्प्युटर उघडला, त्याला फोन जोडला आणि बराच वेळ थांबून ज्वारीचं ते पान काढलं. तुझं पान. मी विचारलं, "झाला का बाण?"

"न्हाई बा. आजून न्हाई."

मग आम्ही दोघं त्या रिकाम्या जागेकडं बघत बसलो. तुझा सवाल अजून तसाच उभा आहे. तीस वर्षांच्या संसारामागं माणसाला काय काय उरतं. मला एक सवाल उरला, आणि एक माझं स्वतःचं न दिलेलं उत्तर. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो.

लोक म्हणतात, बाई गेली की घर खायला उठतं. मला घर काही करत नाही. मला रान खाऊन राहिलं. बांधावरून चाललो की दर दहा पावलांवर तुझं बोट दिसतं. हा धोत्रा, ह्याच्याजवळ शेळी थांबू देऊ नका. ही एरंडाची कोवळी पानं, पिलांना लांब ठेवा. हिवराची शेंग खाऊ द्या, दूध वाढतं. शेळ्या माझ्या बापाच्या होत्या, धंदा माझ्या घरचा होता, आणि झाडं कळायची तुला. कोणतंही नवीन पान दिसलं की तू चुरगाळून हुंगायचीस, दाताखाली धरायचीस आणि थुंकायचीस. मी चिडायचो. "एक दिवस मरशील अशीच काहीबाही चावून."

"मरंल ना. मंग तुमाला कळंल, ते झाड इखारी हाय."

तुझ्याशी भांडून मी कधी जिंकलो असेन तर मला आठवत नाही.

ज्वारीची गोष्ट तू पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा आपलं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ज्वारी कापली आणि मागून पाऊस पडला की बुडातून नवा कोंब फुटतो. फुटवा म्हणतात त्याला. हिरवागार, लुसलुशीत. शेळीला तो दिसला की दावं तोडून पळते. आणि तोच तिला मारतो. किराळ लागतं. तासाभरात खेळ खलास. हे मलाही ठाऊक होतं, पण तुझ्याकडं माप होतं. "फुटवा कमरेच्या वर जाऊ द्या, पोटरी धरू द्या, कनीस पोटात येऊ द्या, मंग खुशाल घाला. कमरेच्या खाली असंल तर बांधाकडं तोंड बी करू नका. आन् भुकी तर न्यायचीच न्हाई, आधी कडबा टाका." तुझ्या आईनं तुला दिलेलं माप. तुझ्या आईच्या कमरेचं.

आता त्या दिवसाचं लिहितो. तू गेल्यावरच लिहितोय, हे तुला बराबर दिसत असेल.

त्या साली पावसानं मधे मोठी दडी मारली होती. ज्वारी कशीबशी निघाली, आणि काढणी झाल्यावर एक चांगला पाऊस पडून गेला. ओढ्यापलीकडचं युसुफभाईचं रान हिरवं दिसायला लागलं. त्या काळी आपल्याकडं रीतच होती, पीक निघालं की शेतकरी आपण होऊन बोलवायचे. शेळ्या-मेंढरं चरायची, लेंडी रानात पडायची, दोघांचं भागायचं. युसुफभाई येऊन म्हणाला होता, "किसनभाऊ, बकऱ्या लाव. रान खाली पडून राह्यलं." दुसऱ्या दोघा-तिघांचाही डोळा होता त्या रानावर. आपला कडबा संपत आला होता.

तू सकाळी कळमनुरीच्या बाजाराला निघालीस. दारातून परत वळून म्हणालीस, "फुटवा बघूनच घाला. कमरेला आला असंल तरच."

मी गेलो. संगीता आठ वर्षांची होती, शाळेला सुट्टी, ती माझ्यामागं आली. शेळ्या भुकेल्या होत्या, बांधावर ओरडत होत्या. मी रानात उभा राहिलो. फुटवा माझ्या गुडघ्याच्या थोडा वर. कमरेला काही केल्या येईना. मग मी काय केलं ते तुला माहीत आहे. पण मी माझ्या तोंडानं तुला कधीच सांगितलं नाही. मी पोरीला हाक मारली.

"संगे, इकडं ये. सरळ उभी राय."

ती उभी राहिली. फुटवा तिच्या कमरेला लागला.

"हे बघ. आला की कमरेला."

"बा, माय तिच्या कमरेचं म्हनती."

"कंबर ती कंबर," मी म्हणालो आणि शेळ्या सोडल्या.

तू वाढवलेली बांडी शेळी सगळ्यात आधी पडली. मग एकेक. तोंडाला फेस, पाय झाडून राहिलेल्या, श्वास लागलेला. मी ह्या शेळीकडून त्या शेळीकडं पळत होतो आणि संगीता जिथं उभी केली तिथंच उभी होती. तिला हलायचं सुचलं नाही. तू ओढ्याकडून येताना दिसलीस. लांबूनच कळलं तुला. पिशवी टाकलीस, बाजारातून आणलेला सगळा गूळ काढलास, ओढ्याच्या पाण्यात कालवलास आणि ज्या अजून उभ्या होत्या त्यांना पाजत सुटलीस. सात वाचवल्यास. अकरा गेल्या.

मग तू बांडीच्या तोंडातून अर्धवट चावलेला कोंब काढलास. बोटांनी चुरगाळलास, हुंगलास. "किराळ," म्हणालीस. एवढंच. मग तुझी नजर पोरीकडं गेली. कमरेएवढ्या हिरव्यात उभी असलेली आपली पोर. तू बराच वेळ बघितलंस तिच्याकडं, आणि मला विचारलंस,

"कोनाच्या कमरेनं मोजलं?"

संगीता रडायला लागली. झालं उत्तर.

तोवर गावातले लोक जमले. "काय झालं, किसनराव? काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "युसुफच्या रानात कायतरी टाकलेलं होतं. डुकरासाठी औषध टाकलं असंल."

मला वाटलं होतं, तेवढ्यापुरतं बोललो. पण अशी गोष्ट बोलली की ती आपली राहत नाही. दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्यावर हॉटेलात विचारलं लोकांनी, तिथंही तेच सांगितलं. तिसऱ्या वेळेस सांगताना मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. युसुफभाई घरी आला. दारात उभा राहून म्हणाला, "किसनभाऊ, अल्लाची कसम. माझ्या रानात चिमटीभर बी औषध न्हाई." मी त्याच्याकडं पाठ केली. तू चुलीजवळ बसली होतीस. तू त्याला पाणी नेऊन दिलंस. तो न पिता गेला.

त्याच्या रानात मग कोणी शेळी घालेना. मेंढरं बसवेना. वर्ष गेलं. लेंडी नाही, खत नाही, आणि वरून नाव खराब. एका माणसाच्या तोंडानं एवढं होऊ शकतं.

तू मला त्याच रात्री म्हणालीस, आणि मग वर्षानुवर्षं म्हणत राहिलीस. "सांगा त्याला. लोकांला बी सांगा."

"सांगीन."

"कवा?"

"सांगीन म्हनलं ना."

"तुमच्या तोंडानं गेलंय. म्या सांगून उपेग न्हाई. ते तुमच्याच तोंडानं माघारी यायला पायजे."

तू कोणाला सांगितलं नाहीस. बहिणीला नाही, भावाला नाही. लोकांपुढं माझी मान खाली जाऊ दिली नाहीस. तेव्हा मला ते माझं जिंकणं वाटलं. किती मूर्ख असावं माणसानं.

आणि पुढच्या साली, ज्वारी निघाल्यावर, एका सकाळी तू उरलेल्या सात शेळ्या आणि त्यांची पिलं घेऊन निघालीस. मी विचारलं, "कुठं?" तू म्हणालीस, "युसुफभाईच्या रानात." मी म्हणालो, "येडी झाली का? लोक काय म्हनतील?" तू थांबली नाहीस. तू रानात शिरलीस. आधी फुटव्यात स्वतः उभी राहिलीस, हातानं कमरेशी माप घेतलंस, दोन ठिकाणी, चार ठिकाणी. मग शेळ्या सोडल्या आणि बांधावर बसलीस. दिवसभर. गाव येऊन जाऊन बघत होतं. युसुफभाई पलीकडच्या बांधावर उभा होता, तोही बघत होता. संध्याकाळी तू सगळ्या शेळ्या मोजून घरी आणल्यास. एकही पडली नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलीस. आठवड्यानं दुसऱ्याची मेंढरं त्या रानात गेली. मग तिसऱ्याची.

मी सांगून जे व्हायचं होतं त्यातलं निम्मं तू न बोलता केलंस. उरलेलं निम्मं माझ्यासाठी ठेवलंस. मी ते तसंच ठेवलं.

संगीतानं मात्र त्या दिवसाचा पिच्छा सोडला नाही. शाळेत मास्तरला विचारायची, "ज्वारीत इख कुठून येतं? दाण्यात का नसतं?" बारावी झाली तेव्हा मी म्हणालो, आता बास, लहान आहे, लांब कुठं पाठवायची. तू भाकरी थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मापाला उभी केली तवा मोठी व्हती. शिकायला ल्हान हाय व्हय?" पोरगी आधी हिंगोलीला शिकली, मग परभणीला. जीवरसायन म्हणतात त्याला. मला त्या शब्दाला दोन वर्षं लागली.

तुला आठवतं, ती शेवटच्या वर्षाला होती आणि आपल्या दोघांना हिंगोलीत घेऊन गेली? हिंगोली तोवर जिल्हा झाली होती, जागोजागी नवीन पाट्या. एका कपड्याच्या दुकानावर माडीवर इंटरनेटचं दुकान होतं. लाकडी खोपटासारखे कप्पे आणि प्रत्येकात एक कॉम्प्युटर. मालक पोरगा तुझ्या नाकातली नथ बघून हसला. "मावशी, गाना लगाऊं क्या?"

तू म्हणालीस, "गानं नको. ज्वारी लाव."

ते पान वरून खाली हळूहळू उतरत आलं. चौकोन, त्यात इंग्रजी नावं, एका चौकोनापासून दुसऱ्याकडं बाण. संगीता सांगत होती. जगातले शिकलेले लोक मिळून हे लिहून ठेवतात, झाडाच्या पोटात काय काय बनतं, कशापासून कसं बनतं. भाताचं वेगळं, मक्याचं वेगळं, ज्वारीचं वेगळं. कुणीही कुठूनही बघावं, फुकट. "ह्याला पाथवे म्हनतात, माय. वाट. ह्या पदार्थापासून हा होतो, ह्याच्यापासून हा."

"म्हंजी पांदण," तू म्हणालीस.

"व्हय, पांदणच. आन् प्रत्येक बाणावर एक कारागीर असतो. तो असला तरच पुढं जाता येतं."

मी म्हणालो, "हे लिवतं कोन? कुनाच्या बी मनात येईल ते लिवलं तर?"

"तसं न्हाई बा." तिनं एका बाणावर टिचकी मारली. दुसरं पान उघडलं. "हे बघा. हा बाण कुणी बघितला, कोणत्या झाडात बघितला, कसा बघितला, सगळं खाली हाय. पुराव्याशिवाय बाण काढत न्हाईत. नुसता अंदाज असंल तर अंदाज हाय म्हनून लिवतात."

"म्हंजी झाडाचा सातबारा," मी म्हणालो. ती हसली. म्हणाली, तलाठ्यापेक्षा जरा बरा.

मग तिनं ते इख दाखवलं. ते सुरू होतं एका साध्या पदार्थापासून, जो आपल्याही अंगात असतो. चार-पाच बाण झाले की त्याचं इख होतं, पण झोपलेलं. झाड ते एका कप्प्यात ठेवतं आणि त्याला उठवणारा कारागीर दुसऱ्या कप्प्यात. शेळीनं चावलं की कप्पे फुटतात, दोघं भेटतात.

तू लगेच म्हणालीस, "काडी एका खिशात, पेटी दुसऱ्या खिशात."

संगीता तुझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आमच्या सरांनी हे समजवायला अर्धा तास घेतला व्हता."

गिरजे, तू हुशार होतीस. हे मी तुला एकदाही म्हणालो नाही. त्या दिवशी म्हणायला काय जात होतं माझं? पण मला त्या खोपटात दुसरंच काहीतरी होऊन राहिलं होतं. पुराव्याशिवाय बाण काढत नाहीत, हे पोरीचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी युसुफभाईवर बाण काढला होता. त्याच्याखाली काय होतं? कुणी बघितलं होतं? आणि खरा पुरावा ती पोरगी स्वतः होती, माझ्या शेजारी बसून माऊस हलवून राहिली होती. मी तुझ्याकडं बघितलं. वाटलं, आता टोमणा मारशील. पंधरा वर्षं झाली होती, तुझा हक्कच होता. जगातल्या शिकलेल्या लोकांनी तुझं म्हणणं बाण काढून मांडलं होतं. पण तुझं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तू पुढं वाकून काचेवर बोट ठेवलंस.

"संगे, हे सगळे बाण आत येनारे हायत. बाहेर जानारा कुठंय?"

"म्हंजे?"

"आगं, कोवळ्या फुटव्यात इख. तेच धाट पोटरीत येतं, त्याच जागी उभं असतं, कुनी काडून नेत न्हाई, कुनी धूत न्हाई. मंग बकरी खाती आन् ढेकर देती. इख गेलं कुठं? त्याची पांदण कुठंय?"

संगीतानं खाली वर बघितलं, इकडं तिकडं टिचक्या मारल्या. "न्हाई माय," म्हणाली. "ह्यात न्हाई."

"मंग अर्धाच हाय तुमचा सातबारा."

मालक पोरगा म्हणाला, "मावशी, स्क्रीनला हात नका लावू." तू हात काढला नाहीस.

तिथंच बसून संगीतानं त्या लोकांना इंग्रजीत पत्र लिहिलं. त्या पानाखाली तशी सोय होती, चूक दिसली, काही राहिलं तर कळवा म्हणून. तिनं तुझं माप लिहिलं, कमरेचं, पोटरीचं. तुझं नाव लिहिलं. मी म्हणालो, अमेरिकेतली माणसं शेळ्यावाल्या बाईचं काय ऐकणार? पण दीड-दोन महिन्यांनी उत्तर आलं. पोरीनं वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं, सवाल बरोबर आहे, झाड मोठं होताना हे इख कमी होतं हे लोकांनी बघितलेलं आहे. पण ते कोणत्या वाटेनं जातं ते आम्हाला पक्कं माहीत नाही, म्हणून बाण काढलेला नाही. पुरावा मिळेल तेव्हा काढू. तुमच्या आईला आमचा नमस्कार सांगा.

मला वाटलं तू नाराज होशील. तू तर खूश झालीस. "म्हाईत न्हाई म्हनतात, बघा. एवढे शिकलेले, आन् सरळ म्हनतात म्हाईत न्हाई." मग माझ्याकडं बघून, "काही जनांला तेवढं बी येत न्हाई." तो टोमणा शेवटी आलाच. उशिरा आला, पण नेमका लागला.

हिंगोलीहून त्या दिवशी आपण एसटीनं परत आलो. तू खिडकीशी. नाका मागं पडल्यावर तू विचारलंस, "संगी म्हनली, चूक निघाली तर ते लोक काय करतात?"

"दुरुस्त करतात म्हनली."

"जुनं खोडतात?"

"न्हाई. कवा दुरुस्त केलं, कुनी केलं, ते खाली लिवून ठेवतात."

"बरं हाय," तू म्हणालीस आणि बाहेर बघायला लागलीस. बाहेर युसुफभाईचं रान होतं. मी तोंड उघडलं होतं, खरं सांगतो. आता गावात उतरलो की सरळ त्याच्याकडं जाऊ, असं म्हणणार होतो. कंडक्टरनं घंटी मारली, लोक उठले, तू पिशव्या उचलल्यास. राहिलं. तसं ते चार वर्षं परत राहिलं. आणि मग तू राहिली नाहीस.

संगीता आता तेच काम करते. एका प्रयोगशाळेत बसते, कुणी काय शोधलं ते वाचते आणि त्या पानांवर चढवते. एकेक बाण. मी विचारलं, दिवसभरात किती होतात? म्हणाली, कधी दोन, कधी एकही नाही. पुरावा तपासण्यातच दिवस जातो. मला वाटलं, हे तुझ्यावरून आलं. माझ्यावरून आलं असतं तर तिनं दिवसाला पन्नास काढले असते.

तुझ्या मातीला युसुफभाई आला होता. सगळ्यात मागं, टोपी घालून, हात बांधून उभा. गर्दी हलल्यावर पुढं आला, मूठभर माती टाकली आणि निघून गेला. माझ्याकडं बघितलं नाही. मी बघत होतो. तेरा दिवस मी तेच बघत होतो.

आज सकाळी उठलो आणि गेलो. संगीताला म्हणालो, रानात जाऊन येतो. तिनं विचारलं नाही कोणाच्या. युसुफभाई त्याच्या बांधावर बसला होता. ज्वारी निघालेली, आणि दिवाळीनंतर एक पाऊस झालेला. हिरवं दिसत होतं. मी बसलो नाही. बसलो असतो तर परत दुसरंच बोललो असतो.

"युसुफभाई, त्या साली तुझ्या रानात औषध न्हवतं. फुटवा व्हता. मी पोरीच्या कमरेनं मोजलं आन् बकऱ्या सोडल्या. चूक माझी व्हती. तुझ्यावर टाकली."

तो गवताची काडी मोडत होता, मोडतच राहिला. मग म्हणाला, "मालूम है."

"कवापासून?"

"भाभी दुसऱ्या साली बकऱ्या घेऊन आल्या. आधी खुद खडी हुई, कमर से नापली, मंग सोडल्या. मी हितंच उभा व्हतो. तवा समजलं."

"मंग काहून बोलला न्हाईस? वीस वर्षं होत आली."

"मी काय बोलू, किसनभाऊ? बात तुझी व्हती." त्यानं हातातली काडी टाकली. "एक बार भाभीला विचारलं मी. म्हनलं, तुमचा मालक कधी बोलनार का न्हाई? म्हनल्या, बोलतील. थांबा जरा. झूट न्हाई त्यांच्यात, नुसता उशीर हाय."

गिरजे, हे तू त्याला सांगितलंस. मला नाही. मला तर रोज "कवा?" विचारायचीस, आणि त्याला सांगून ठेवलंस, बोलतील. मी तिथं बांधावर खाली बसलो. त्यानं त्याचा पाण्याचा डबा पुढं केला. मी प्यालो.

मग म्हणालो, चल, नाक्यावर चल, तिथंही सांगतो. तो नको म्हणत होता, तरी नेला. हॉटेल नवीन आहे आता, मालक नवीन. त्या दिवशी माझं ऐकणाऱ्यांतला एकच म्हातारा होता, त्याला ऐकू कमी येतं. मी उभा राहून सांगितलं सगळं, मोठ्यानं. पोरं मोबाइलमधून वर बघायला लागली. एकजण म्हणाला, "बाबा, कोनत्या बकऱ्या?" म्हाताऱ्यानं कानाला हात लावून दोनदा विचारलं आणि मग युसुफभाईकडं बघून मान हलवली. तेवढंच झालं. ज्यांनी ऐकायला पाहिजे होतं ते तुझ्यासारखेच निघून गेलेले. वीस वर्षांपूर्वी ह्याच गोष्टीला किंमत होती. आज ती एक जुनी गंमत झाली. हे तू मला सांगत होतीस का, रोज, "कवा? कवा?" म्हणून?

परत येताना युसुफभाई त्याच्या रानाशी थांबला. "किसनभाऊ, औंदा लाव ना बकऱ्या. रान खाली पडून राह्यलं."

अगदी तेच शब्द. त्याला आठवत होते का मुद्दाम म्हणाला, मी विचारलं नाही. मी रानात उतरलो. फुटव्यात उभा राहिलो. चांगला दाट, लुसलुशीत, गुडघ्याच्या वर. एक कोंब तोडला, चुरगाळला, हुंगला. तुझ्यासारखं मला काही कळलं नाही. पण हुंगला.

"न्हाई," मी म्हणालो. "थांबू. कमरेला येऊ दे."

युसुफभाई बांधावरून म्हणाला, "कोनाच्या?"

"गिरजाच्या," मी म्हणालो आणि माझ्या अंगाशी हात धरून उंची दाखवली. इथपर्यंत. ते माप मला मोजावं लागलं नाही.